अर्धा चमचा साखर

माझ्या पहिल्या पासपोर्टावर एक शिक्का होता. दक्षिण आफ्रिकेचं प्रजासत्ताक सोडून बाकी सगळ्या देशांत हा पासपोर्ट चालेल, असा त्याचा अर्थ. त्या पासपोर्टावर मी कुठंच गेलो नाही, त्यामुळे तो बाकीच्या देशांतही चालायचा राहिला, ही गोष्ट वेगळी. पण तो शिक्का मला फार आवडायचा. माणसाच्या कातडीचा रंग बघून त्याला बाकावर बसू द्यायचं की नाही हे जिथं ठरतं, त्या देशाशी आपली कट्टी आहे आणि ती कट्टी छापील स्वरूपात माझ्या खिशात आहे, याचा अभिमान वाटायचा. १९४६ साली भारतानं त्या देशाशी व्यापार तोडला. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यात समोर दक्षिण आफ्रिका आली तेव्हा आपण खेळलोच नाही, चषक त्यांना देऊन टाकला. टेनिसमधलं मला, गुण पंधरा-पंधराच्या उड्या मारत का वाढतात, इथपासून काही कळत नाही. पण त्याच वर्षी लॉर्ड्सवर आपला क्रिकेटचा संघ ४२ धावांत गारद झाला होता. तेव्हा खेळून हरण्यापेक्षा न खेळता हरणं किती शोभून दिसतं, हे मात्र नीट कळलं.

पुढे काळ बदलला. १९९० साली मंडेला सुटले, १९९१ साली त्यांचा क्रिकेट संघ कलकत्त्याला येऊन खेळून गेला, १९९४ साली मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले आणि यथावकाश रविवारच्या पुरवण्यांत ‘सिंह, हिरे आणि शुद्ध शाकाहारी जेवण’ अशा जाहिराती झळकायला लागल्या. अशाच एका जाहिरातीला बळी पडून आम्ही उभयतां केपटाऊनला पोचलो. सहलीबरोबर स्वयंपाकी होता, पोळ्यांचं पीठ होतं, लोणच्याच्या बरण्या होत्या आणि एक निवृत्त मामलेदार होते.

माणूस निवृत्त होतो, मामलेदार होत नाही. बसमध्ये कुणी कुठं बसायचं याचा तक्ता त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःहून तयार केला. ज्येष्ठता, गुडघे आणि हुद्दा असे तीन निकष. तिन्ही निकषांवर पहिला नंबर त्यांचाच लागत होता. आम्हाला मागून तिसरी रांग मिळाली. मी जरा कुरकुरलो, पण तक्रार केली नाही. आमच्या मागे अजून दोन रांगा होत्या ना!

सहलीच्या कार्यक्रमात हिऱ्यांच्या दुकानाला अडीच तास होते आणि ‘रॉबेन आयलंड (ऐच्छिक)’ असं शेवटी बारीक अक्षरात होतं. मला हिऱ्यांपासून पळ काढायचाच होता. सौ. म्हणाली, “अहो, तुरुंग काय बघायचा परदेशात येऊन?” पण दुकानाबाहेरच्या पाटीवरच्या किमती वाचून तिचाही इतिहासाकडे ओढा वाढला. मामलेदार आले, कारण ऐच्छिक या शब्दाचा अर्थ ‘आपल्याशिवाय होऊ नये’ असा ते करत असत. असे आम्ही अकराजण धक्क्यावर पोचलो.

मुंबईकराला गेटवेवरून लाँच पकडायची सवय असते. इथंही गेटवेच निघाला, नेल्सन मंडेला गेटवे. लाँच मात्र आपल्या घारापुरीच्या लाँचेपेक्षा पुष्कळच ऐटबाज, काचा लावलेली. बेट किनाऱ्यापासून काही फार लांब नाही, या धक्क्यापासून अकरा-बारा किलोमीटर. पण मधलं पाणी दक्षिण ध्रुवाकडून येणारं, थंडगार आणि स्वभावानं तिरसट. वारा पडला तर अर्ध्यापाऊण तासात पोचवतं, आणि वारा फिरला तर लाँच सोडतच नाहीत. आमच्या दिवशी वाऱ्यानं मधला मार्ग काढला होता. लाँच सोडली, पण सुखानं जाऊ दिलं नाही.

मी सकाळी स्वयंपाकीबुवांच्या आग्रहाला मान देऊन पोह्यांच्या दोन बश्या खाल्ल्या होत्या. बंदर ओलांडल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच ते पोहे आणि मी यांच्यात मतभेद सुरू झाले. सौ.नं पर्समधून आवळासुपारी काढली, मग लवंग काढली, मग नुसतंच माझ्याकडे बघितलं. मागं टेबल माउंटन म्हणतात तो डोंगर, वरून करवतीनं कापल्यासारखा सपाट, एकदा वर जात होता, एकदा खाली. बाकीचे प्रवासी त्याचे फोटो काढत होते. मी त्याला नुसता जागेवर राहा म्हणून विनवत होतो.

मामलेदारांना काही होत नव्हतं. ते लाँचेतल्या एका जर्मन जोडप्याला सांगत होते, “दिस ऑल स्टार्टेड बाय अवर गांधी. एटीन नाइन्टीथ्री. पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशन.” त्या अवस्थेतसुद्धा मी मान ताठ केली. गांधीजींनी या देशात एकवीस वर्षं काढली. सत्याग्रह हा शब्द इथं जन्माला आला. त्यांच्या आधी, १८६० पासून, ऊसमळ्यांवर राबायला करारानं बांधून आणलेले हजारो हिंदी मजूर इथं आले. म्हणजे हे बेट बघायला आम्ही काही परके पाहुणे नव्हतो. घरचं कार्य असल्यासारखे निघालो होतो. पोटात कालवत होतं तरी छाती फुगलेली होती.

मंडेलांनाही याच पाण्यावरून नेलं. १९६३ साली पहिल्यांदा नेलं तेव्हा बेड्या घालून एका जुन्या लाकडी बोटीच्या तळाच्या खोलीत त्यांना आणि इतरांना उभं केलं होतं. वर छताकडे हवेसाठी एक गोल झरोका होता. वरच्या वॉर्डरांनी त्या झरोक्यातून त्यांच्या अंगावर लघवी केली. हे मी आदल्या रात्री त्यांच्या आत्मचरित्रात वाचलं होतं. ते आठवलं आणि पोह्यांची तक्रार एकदम मिटली. काही दुखणी अशी लाजेनंच बरी होतात.

रॉबेन म्हणजे डच भाषेत सील मासे. आपण मासे म्हणतो, पण ते मिशाळ प्राणी, उन्हात पडून राहणारे, सुटीतल्या काकांसारखे. डच आले तेव्हा बेटावर त्यांची गर्दी असायची. बेट जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आणि सपाट. अशा बेटाचं काय करायचं, हा प्रश्न आलेल्या प्रत्येक सरकारला पडला आणि प्रत्येकाला एकच उत्तर सुचलं: जो माणूस डोळ्यांसमोर नको, तो इथं ठेवायचा. १६५८ साली डचांनी आउत्शुमातो नावाच्या तिथल्याच एका खोईखोई पुढाऱ्याला आणून टाकलं. हा त्यांचा दुभाषा होता. दुभाषाला दोन्ही बाजूंचं कळतं, हाच त्याचा गुन्हा असणार. पण तो पठ्ठ्या पुढल्या वर्षी एका होडक्यातून पळाला. १८१९ साली इंग्रजांनी खोसा लोकांचा नेता मखांडा याला इथं धाडलं. तो वर्षभरात पळायला निघाला आणि बुडाला. मधल्या काळात डचांनी आपल्या पूर्वेकडच्या वसाहतींतले राजपुत्र आणि मौलवी आणून ठेवले. त्यांच्यातल्या एकाचा दर्गा तुरुंगाच्या बाहेर अजून आहे. १८४६ पासून महारोगी आणले, ते १९३१ पर्यंत इथं होते. त्यांच्यासाठी बांधलेलं चर्च बघताना मला उगीच ओळखीचं वाटलं. नंतर कळलं, त्याचा आराखडा हर्बर्ट बेकरचा. याच बेकरसाहेबांनी पुढे नव्या दिल्लीतलं सचिवालय बांधलं. महारोग्यांपासून सचिवांपर्यंत सर्वांची सोय करणारा हा गृहस्थ मोठा चतुरस्र असला पाहिजे.

बेटावर आधी बसमधून फिरवतात. मामलेदार सवयीनं पुढल्या सीटवर जाऊन बसले. ड्रायव्हरनं एका लहानशा पिवळट घराजवळ बस थांबवली. हे रॉबर्ट सोबुक्वे यांचं घर. १९६० साली परवान्यांच्या कायद्याविरुद्ध त्यांनी चळवळ उभारली. काळ्या माणसानं सतत जवळ बाळगायचे ते परवाने. शार्पव्हिलला पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या घातल्या ती हीच चळवळ. त्यांना तीन वर्षांची सजा झाली आणि १९६३ साली ती संपली. आता सोडायचं कसं? सरकारनं एक नवा कायदा केला, त्यात एक कलम घातलं आणि ते कलम फक्त या एका माणसासाठी वापरलं. सजा संपलेल्या माणसाला वर्षावर्षानं मुदत वाढवून इथं डांबून ठेवलं, सहा वर्षं. दुसऱ्या कैद्यांशी एक शब्द बोलायचा नाही. जवळून कैदी कामाला जाताना दिसायचे तेव्हा ते हातात माती घेऊन ती बोटांतून खाली सोडायचे, एवढंच संभाषण. ‘आपण या मातीची लेकरं’ असा त्याचा अर्थ कैदी लावायचे. बसमध्ये कोणी काही बोललं नाही. बोलणं किती स्वस्त आहे ते एकदम जाणवलं असावं.

पुढे चुन्याची खाण. पांढरीफेक, डोळ्यांत उन्हाच्या सुया टोचणारी. आम्ही सगळ्यांनी भराभर काळे चष्मे लावले. मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सहा महिन्यांचं काम म्हणून इथं आणलं होतं. ते सहा महिने तेरा वर्षं चालले. डोळ्यांसाठी काळे चष्मे मागितले, ते मिळायला जवळजवळ तीन वर्षं लागली, आणि तेही पदरच्या पैशांनी. खाणीच्या कडेला एक कपार आहे. तिथं नैसर्गिक विधी उरकायची व्यवस्था होती. दुर्गंधीमुळे वॉर्डर तिकडे फिरकत नसत, म्हणून कैद्यांनी तिथंच आपलं विद्यापीठ काढलं. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं. जगातल्या इतर विद्यापीठांत हा वास नंतर, कुलगुरूंच्या निवडीच्या वेळी येतो. यांनी सुरुवातीलाच सोसून घेतला.

तुरुंगाच्या दाराशी आमचा वाटाड्या बदलला. आता आला तो स्वतः इथला जुना कैदी होता. या बेटावरचा रिवाजच असा की, तुरुंग त्यातल्याच माणसांनी दाखवायचा. उंच, पोक आलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा. १९७६ साली सोवेटोत शाळकरी मुलांनी भाषेच्या सक्तीविरुद्ध मोर्चा काढला आणि पोलिसांनी मुलांवर गोळीबार केला. त्यानंतरच्या धरपकडीत हा सापडला तेव्हा अठरा वर्षांचा होता. सौ. हळूच म्हणाली, “अहो, आपला धाकटा अठराचा होता तेव्हा त्याला सकाळी उठवायला मला तीन हाका माराव्या लागायच्या.”

त्यानं मंडेलांची कोठडी दाखवली. कैदी क्रमांक ४६६/६४, म्हणजे १९६४ सालातला चारशे सहासष्टावा. तीन पावलांत लांबी संपते. जमिनीवर चटई, एक घोंगडी, एक स्टूल, एक झाकणाची बादली. अशा कोठडीत ते १९८२ पर्यंत होते. या गजांतून आत डोकावायला लोक रांग लावतात. माझ्यापुढच्या बाईनं हात आत घालून घोंगडीचा फोटो काढला. माझ्या मनात, खरं सांगायचं तर, काहीच आलं नाही. मोठ्या जागी माझं असंच होतं. गाभाऱ्यात गेल्यावर मला चपलांची आठवण येते.

एक गंमत त्यानं सांगितली ती मात्र लक्षात राहिली. सत्तरच्या दशकात सनी वेंकटरत्नम नावाच्या एका हिंदी कैद्यानं शेक्सपिअरच्या समग्र वाङ्मयाचा जाडजूड ग्रंथ इथं राखला. पुस्तकांना बंदी. मग त्यानं घरून आलेल्या दिवाळीच्या भेटकार्डांवरची देवांची चित्रं त्या ग्रंथाच्या पुठ्ठ्यावर चिकटवली आणि वॉर्डरला सांगितलं, हे आमचं बायबल. वॉर्डर देवभीरू. देव कुणाचा का असेना, भानगड नको. तो ग्रंथ कोठड्या-कोठड्यांतून फिरला आणि ज्याला जो उतारा आवडला त्याशेजारी त्यानं सही केली. मंडेलांनी १९७७ च्या डिसेंबरात ‘ज्युलिअस सीझर’मधल्या एका उताऱ्याशेजारी केली. आमच्या लक्ष्मी-गणपतीनं शेक्सपिअरला पाठीशी घातलं हे ऐकून आमचा अकराजणांचा घोळका पुन्हा फुलला. मामलेदारांनी जर्मन जोडप्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

मग आम्ही एका लांबट बराकीत आलो. भिंतीवर एक मोठा तक्ता टांगला होता. मामलेदार आपोआप त्याच्यापुढे गेले. तक्ता दिसला की ते जातातच.

कैद्यांच्या रोजच्या शिध्याचा तो तक्ता होता. दोन रकाने. एक ‘कलर्ड आणि आशियाई’, म्हणजे मिश्र वंशाचे आणि आपण. दुसरा ‘बांटू’, म्हणजे काळे. गोऱ्यांचा रकानाच नव्हता. गोरा राजकीय कैदी या बेटावर पाठवायचाच नाही असा नियम. १९६४ साली मंडेलांबरोबर जन्मठेप झालेल्यांत डेनिस गोल्डबर्ग हे एकटे गोरे होते. बाकी सात जणांना बेटावर आणलं आणि त्यांना प्रिटोरियाच्या गोऱ्यांच्या तुरुंगात बावीस वर्षं एकटं पाडलं. सरकारच्या डोक्यावर बाँब ठेवायला निघालेल्या माणसाचीसुद्धा जात बाटता कामा नये!

मामलेदारांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “व्हॉट फॉर इंडियन?”

“पहिला रकाना,” वाटाड्या म्हणाला.

आम्ही सगळे पहिला रकाना वाचायला लागलो. मांस सहा औंस, काळ्यांना पाच. मुरंबा किंवा काकवी एक औंस, काळ्यांना नाही. आपल्याला पाव, काळ्यांना नाही. संध्याकाळी पावाचा पाव भाग मिळायचा, त्याच्या आकारावरून त्याला मांजराचं डोकं म्हणायचे. काळ्यांना मक्याची लापशी. पाव हा युरोपीय पदार्थ, त्यांना तो काय करायचाय, असा हिशेब. कपड्यांतही तेच. आशियाई कैद्याला पूर्ण लांबीची पँट. काळ्या कैद्याला अर्धी चड्डी, कारण काळा माणूस कितीही वयाचा झाला तरी ‘बॉय’. मंडेला त्या वेळी पंचेचाळीस वर्षांचे, वॉल्टर सिसुलू पन्नाशी ओलांडलेले. त्यांना अर्ध्या चड्ड्या. आणि त्यांच्याबरोबर आलेले अहमद कथराडा चौतिशीतले, सगळ्यांत लहान. आईवडील सुरतेकडचे, म्हणून त्यांना पूर्ण पँट.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला बरं वाटत नाही. तो तक्ता वाचताना मला पहिल्या क्षणी राग आला नाही. पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. ‘चला, आपल्याला निदान पाव तरी होता.’ परीक्षेत नापास झालेला मुलगा शेजारच्याचे आपल्याहून कमी मार्क बघून जसा सुखावतो, तसा मी सुखावलो. शेजारी उभ्या असलेल्या आमच्या मंडळींच्या चेहऱ्यांवरूनही असंच काहीतरी सरकून गेल्यासारखं वाटलं. एकजण तर बोलूनही गेले, “म्हणजे आपल्याला जरा मानानं वागवत होते.” वाटाड्याला मराठी येत नव्हतं. पण माणसाचा चेहरा वाचायला त्याला भरपूर वेळ मिळालेला होता.

मामलेदार मात्र अजून तक्त्यापुढेच होते. ते मराठीतच, जणू स्वतःशी, बोलायला लागले. “एक औंस म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम. रोज अठ्ठावीस ग्रॅमचा फरक राखायचा म्हणजे तराजू आला, वजनं आली, नोंदवही आली, तपासणारा आला. अहो, बहात्तरच्या दुष्काळात मी असे तक्ते केलेत. माणशी किती, मुलाला किती. एवढा खटाटोप करून हे लोक मटण वाचवत नव्हते.”

“मग काय वाचवत होते?” मी विचारलं.

“पायरी,” ते म्हणाले. मग वाकून तक्त्याच्या तळाशी पाहिलं. “सही कुणाची नाही. असल्या कागदावर नसतेच.”

वाटाड्यानं कथराडांची गोष्ट सांगितली ती इथं, त्या तक्त्याखाली. कथराडांना ती लांब पँट अंगाला चावायला लागली. आपल्याहून वडील माणसं थंडीत उघड्या पोटऱ्यांनी उभी आणि आपण पँटीत! त्यांना वाटलं, पँट परत करावी, पाव परत करावा. पण त्याच वडील माणसांनी त्यांना अडवलं. मिळालेला हक्क सोडायचा नाही, म्हणाले. समता वरच्या पायरीवर आणायची, खालच्या नव्हे. तुझी पँट काढून आम्हाला काय मिळणार? आम्हाला पँट मिळेपर्यंत तू आमच्याबरोबर भांड. पाव मात्र वाटून खाऊ. आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं वाटून खाल्ला. उलट बाजूनंही तेच. सुरुवातीलाच कपड्यांवरून मंडेलांनी फार तक्रारी केल्यावर एक दिवस त्यांच्या कोठडीत एक जुनी पँट येऊन पडली. त्यांना अत्यानंद झाला. पण पाय घालण्यापूर्वी त्यांनी चौकशी केली, बाकीच्यांना मिळाली का? नाही. मग त्यांनी ती परत नेऊन ठेवायला सांगितली. पुढे सगळ्यांनाच पँटी मिळाल्या.

“आणि जेवण?” सौ.नं विचारलं. पंगत कुठलीही असो, तिचं लक्ष वाढप्यावर असतं.

“१९७९ साली जाहीर झालं, आता सगळ्यांना सारखं,” वाटाड्या म्हणाला. “काळ्यांची सकाळची साखर वाढवून दीड चमचा केली. पण ती साखर कुठून आली माहिती आहे? सरकारनं नवीन साखर काढली नाही. तुमच्या लोकांच्या साखरेतला अर्धा चमचा कापला आणि आमच्यात घातला.” तो जरासा हसला. “त्यांना वाटलं असेल, आता हे त्या अर्ध्या चमच्यावरून आपसात भांडतील.”

“भांडले?”

“ज्यांनी पाव वाटून खाल्ला ते साखरेवरून कशाला भांडतील?”

मामलेदारांना राहवेना. त्यांनी विषय आपल्या हुकमी मैदानावर नेला. “गांधीजीसुद्धा तुमच्या तुरुंगात होते, जोहान्सबर्गला.”

“हो,” वाटाड्या नम्रपणे म्हणाला, “१९०८ साली. त्यांनाही ही लापशी आवडली नव्हती.”

मी परत आल्यावर ते शोधून वाचलं. खरं आहे. त्या तुरुंगवासाबद्दल गांधीजींनी तेव्हाच लिहिलंय. आम्हाला गोऱ्यांच्या वर्गात घातलं नाही हे समजू शकतो, पण इथल्या काळ्यांच्या पंक्तीला बसवलं हे सोसण्यापलीकडचं आहे, असा त्यातला सूर. वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. अडतीस वर्षांचे गांधीजी. आगगाडीच्या पहिल्या वर्गातून बाहेर फेकल्याचं दुःख ज्याला कळलं, त्यालाही आपल्या खालच्या पायरीवरचा माणूस दिसायला वेळ लागला. पुढे तो दिसला म्हणूनच ते गांधीजी झाले. मंडेलांनी स्वतः लिहून ठेवलंय की, गांधींचे ते पूर्वग्रह त्या काळात ठेवून पाहावेत आणि त्यांना क्षमा करावी. ज्याला क्षमा करायचा अधिकार होता त्यानं केली. मी बापडा काय बोलणार?

कारण मला आमची वळचण आठवत होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या परसात वळचणीला एक कान तुटलेला कप उपडा घातलेला असायचा. गावकुसाबाहेरच्या वस्तीतले एक म्हातारे बाबा लाकडं फोडायला यायचे, त्यांचा तो कप. आजी वरून चहा ओतायची. आजी वाईट नव्हती. उलट साखर सढळ हातानं घालायची आणि तसं सगळ्यांना सांगायचीही. त्या बाबांनाही, आपण अमुक लोकांच्या हातचं खात नाही, हे अभिमानानं सांगताना मी ऐकलंय. बाबासाहेब आंबेडकरांनी हे सगळं फार पूर्वी उलगडून ठेवलंय. आपल्याकडची विषमता पायऱ्यापायऱ्यांची आहे. प्रत्येकाला वरच्याचा जाच आहे, पण प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी आहे. त्यामुळे जिना पाडावा असं मनापासून कुणालाच वाटत नाही. हे मी कॉलेजात वाचलं होतं, निबंधात लिहून मार्कही मिळवले होते. पण ते कळलं त्या बराकीत, पावाच्या पाव भागानं मला बरं वाटलं तेव्हा. माझी किंमत केवढी, हे त्या तक्त्यात औंसात लिहिलेलं होतं.

कथराडांना ती किंमत मान्य नव्हती. सव्वीस वर्षं त्यांनी तुरुंगात काढली, त्यांतली अठरा या बेटावर. अर्धा चमचा जास्त साखर देऊन माणूस फोडता येतो हा जगातल्या सगळ्या राज्यकर्त्यांचा अनुभव. इथं तेवढा तो खोटा ठरला. १९९१ साली शेवटचे राजकीय कैदी बेटावरून गेले, १९९६ मध्ये तुरुंग बंद झाला, १९९७ पासून हे संग्रहालय आहे. आत सोनं नाही, सिंहासन नाही. एक घोंगडी, एक बादली आणि शिध्याचा एक तक्ता.

परतीच्या लाँचेत वारा पडला होता. मला मळमळलं नाही. मामलेदार कुणाशीच काही बोलले नाहीत. त्या जर्मन जोडप्यानंच त्यांना चॉकलेट दिलं, तर त्यांनी ते खिशात ठेवलं. धक्क्यावर आमची बस उभी होती. हिरेवाली मंडळी आधीच येऊन बसली होती आणि कुणी किती कॅरटचा घेतला याची ज्येष्ठता यादी सुरू झाली होती. मामलेदार आपल्या पहिल्या सीटवर बसले. गुडघे त्यांचे खरंच दुखत होते.

मी मागून तिसऱ्या रांगेत आलो आणि बसण्याआधी, का कोण जाणे, मागे वळून पाहिलं. गेले सहा दिवस मी त्या दोन रांगांच्या जिवावर समाधानी होतो, पण तिथं बसतं कोण हे एकदाही पाहिलं नव्हतं. शेवटच्या रांगेत पिठाची पोती, लोणच्याच्या बरण्या आणि त्यांच्यामध्ये आमचे स्वयंपाकीबुवा आणि त्यांचा पोऱ्या अंग चोरून बसले होते. पोऱ्या खिडकीला नाक लावून समुद्राकडे बघत होता. त्याला ऐच्छिक असं काही कुणी विचारलं नसावं.

मला बघून स्वयंपाकीबुवा धडपडत उठले. त्यांनी थर्मास उघडला, कप भरला आणि साखरेचा डबा काढून नेहमीप्रमाणे विचारलं, “साहेब, दोन चमचे ना?”

“दीड,” मी म्हटलं, आणि त्या पोऱ्याला जरा सरकायला सांगून तिथंच टेकलो.